गाडगीळ सर आणि आपली वही
(शहापूर, जि. भंडारा येथे ग्रामसभांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राध्यापक माधव गाडगीळ जानेवारी 2026 मध्ये पुण्यात वारले. वय 83 होतं. आज बैठकीच्या सुरुवातीला आपण दोन मिनिटं उभं राहिलो. कोणी विचारलं, हे कोण जी? म्हणून चार गोष्टी सांगतो.

आम्ही त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. ते बंगळुरूच्या मोठ्या विज्ञान संस्थेत शिकवत, त्याआधी अमेरिकेत हार्वर्डला शिकले. तरी आम्ही त्यांना सर म्हणतो, कारण जंगलाचा हिशेब कसा मांडायचा हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्नाटकात कारवारकडच्या जंगलातला बांबू सरकारनं कागद कारखान्याला दिला होता. भाव किती? टनाला दीड रुपया. आणि टोपल्या, सुपं विणणारा बुरड तोच बांबू बाजारात शेकडो पट जास्त भावानं घेत होता. बांबू संपत चालला तेव्हा ठपका कोणावर आला? गावावर. लोकं तोडतात, गुरं चरतात. सरांना तपास करायला सांगितलं. ते आकडे घेऊन ऑफिसात बसले नाहीत, बांबूच्या बेटात गेले.

बांबू नीट वाढावा म्हणून बेटाच्या बुडातली काटेरी झुडपं साफ करायची, असा कारखान्याचा नियम होता. गावची माणसं सरांना म्हणाली, हे चुकतंय, त्या काट्यांमुळेच कोवळा कोंब वाचतो, काटे काढले की जनावर खाऊन टाकतं. सरांनी हे ऐकून सोडून दिलं नाही, खरं मानूनही घेतलं नाही. मोजलं. गावाचं बरोबर निघालं. मग तसं लिहून छापलं.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे मोजणं. आपल्याला गोड बोलणारे साहेब पुष्कळ भेटतात. आदिवासी म्हणजे निसर्गाचे लेकरू म्हणतात, हार घालतात, निघून जातात. सरांनी आपल्या माहितीला माहितीसारखं वागवलं. वास्ते कुठून काढायचे, किती ठेवायचे, हे आपल्या म्हाताऱ्या बायांना माहीत आहे. पण ते कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून ऑफिसात त्याला किंमत नाही.

त्यांचे वडील धनंजयराव गाडगीळ. 1901 साली नाशिकला जन्मले. मोठे अर्थशास्त्री. प्रवरेला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा झाला, तेव्हा ते विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबत होते. ऊस पिकवणाऱ्यानं साखरेचाही मालक व्हावं, असा तो विचार. पुढं बऱ्याच ठिकाणी सहकार चार घरांच्या हातात गेला, ते आपण पाहतोच. ही गोष्ट आपल्यालाही ध्यानात ठेवायची आहे, का ते पुढं सांगतो.

सर म्हणत, जंगलाची राखण आणि जंगलाची कमाई एकाच हातात असली पाहिजे आणि तो हात गावाचा असावा. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू आणि तेंदू दोन्ही गौण वनउपज आहेत, मालकी ग्रामसभेची. बांबू झाड की गवत, हा वाद ऑफिसवाले घालत बसले. गाई-म्हशींना तो कधीच पडला नाही. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरचा हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक पास मिळता मिळेना. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्राचे मंत्री गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. सर मेंढ्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत, बोलत.

चंद्रपूरच्या पाचगावबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. तिथं 2012 मध्ये हजारभर हेक्टरचा हक्क मिळाला. गावानं बसून ठरवलं, बांबू विकायचा, पण तेंदूपत्ता तोडायचा नाही. पत्त्यासाठी झाडं छाटतात, जंगलात आग लावतात, मग टेंभरं माणसालाही नाही आणि पाखरालाही नाही. शिवाय 34 हेक्टर चांगलं जंगल देवराई म्हणून राखून ठेवलं. बाहेरच्या कोणी सांगितलं म्हणून नाही.

आम्ही असं म्हणत नाही की आपणही तेंदू बंद करा. आपल्या कितीतरी घरांत मे महिन्यातल्या पुड्यांच्या पैशातून पोरांची वह्यापुस्तकं येतात, सावकाराचं व्याज फिटतं. पाचगावला बांबू आहे, आपल्या काही गावांत तोही नाही. पण ठरवलं कोणी, हे विचारायला पाहिजे. पाचगावात सगळ्या गावानं ठरवलं. आपल्याकडं गेल्या हंगामात दोन-तीन गावांत ठेकेदारासोबतचा कागद कोणी सही केला? पाच माणसांनी. सभा झाली पानावर. कायद्याचा नियम म्हणतो, सभेला निम्मी माणसं पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया त्या दिवशी मोहफुलं वेचत होत्या. त्यांच्या नावासमोर अंगठे मात्र आहेत. आम्ही हे पाहिलं आणि तेव्हा गप्प राहिलो, ही आमचीही चूक आहे.

सरांनी सगळा भरवसा ग्रामसभेवर टाकला. पश्चिम घाटाच्या 2011 च्या अहवालातही ते हेच म्हणाले की लोकांना विचारून ठरवा. त्यासाठी मोठमोठ्यांचे बोल खाल्ले. पाच अंगठ्यांची ग्रामसभा घेऊन आपण कोणत्या तोंडानं त्यांचं नाव घ्यायचं?

म्हणून छाटणी सुरू व्हायच्या आत प्रत्येक गावानं एक वही घालायची. शंभर पानी चालेल. पहिल्या पानावर जंगलाच्या सीमा. मग मोह किती, चार किती, तेंदू कुठं दाट आहे, आग कुठून लागते. लिहिणारी दोन माणसं, त्यात एक बाई. म्हाताऱ्यांना सोबत न्यायचं. मागच्या पानांवर पैसा: फळीवर किती पुडे गेले, ठेकेदारानं काय दिलं, काय बाकी आहे. वही सरपंचाच्या घरी ठेवायची नाही, सभेत वाचायची.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. ज्या गावात कोणाला लिहिता येत नाही, त्यांनी आत्ताच सांगा, शाळेतली पोरं सोबत देऊ.