विद्यार्थ्याचें दारिद्र्य आणि त्याचें अध्ययन

(महोत्सव-समारंभांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं गतकाळाचें स्मरण करावें, असा शिष्टसंप्रदाय आहे. परंतु ज्यांचें नांव महाविद्यालयाच्या पटावर आहे, पण चित्त पुस्तकांत ठरत नाहीं, अशा आपल्या घरांतील मुलामुलींविषयीं आम्ही आज दोन शब्द बोलणार आहों.

मुलगा नापास झाला कीं ‘त्याला बुद्धीच नाहीं’ असें आपण सहज बोलून जातों. हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. सन २०१३ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक संशोधन प्रसिद्ध झालें. तामिळनाडूंतील ४६४ ऊस-उत्पादक शेतकऱ्यांची परीक्षा तोडणीपूर्वीं, हात आंखडलेला असतां, व तोडणीनंतर, हातीं पैसा आल्यावर, अशी दोनदां घेण्यांत आली. माणसें तींच, तरी पहिल्या वेळीं त्यांचे गुण कमी भरले. बुद्धि तीच राहते. विवंचना तिला दुसऱ्याच कामास जुंपते.

आपल्या जालना जिल्ह्यांत हें कसें घडतें तें पाहा. पहिल्या सहामाहीची परीक्षा दिवाळीच्या मागेंपुढें येते. त्याच वेळीं शेतांत कापूस फुटलेला असतो. मजूर लावण्याची ऐपत नसली म्हणजे घरचीं मुलेंच वेचणीस जातात. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून कित्येक कुटुंबें त्याच सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. मागें राहिलेल्या थोरल्या मुलीवर घराचा भार येतो.

शासनाचें साहाय्य आहे, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. शिष्यवृत्त्या आहेत; २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. तथापि खोलीचें भाडें, खानावळ व एस. टी. यांचा खर्च राहतोच. शिवाय शिष्यवृत्ति पुष्कळदां वर्ष सरत आल्यावर हातीं पडते. खानावळीचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. मग विद्यार्थी एक वेळचें जेवण टाळतो, रात्रीं दुकानांत राबतो, आणि सकाळीं वर्गांत पेंगतो.

ज्यांचें नांव आपल्या मराठवाड्याच्या विद्यापीठास दिलेलें आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेंही अध्ययन द्रव्याभावीं खंडित झालें होतें. १९१३ सालीं बडोदें संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. तेथून लंडनला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांस अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयांत अध्यापन करून त्यांनीं पैसे सांठविले. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं साहाय्य केलें, नवल भथेना या स्नेह्यानें कर्ज दिलें, तेव्हां १९२० सालीं ते पुनः लंडनला जाऊं शकले. एवढ्या प्रज्ञावंताचा अभ्यास तीन वर्षें अडून राहिला. मग आपल्या लेकरांची कथा काय?

यास्तव आमची विनंति एवढीच. महोत्सवाची रोषणाई थोडी कमी करावी व धर्मग्रामांत एक लहानसा निधि उभारावा. शिष्यवृत्ति येईपर्यंत विद्यार्थ्यास खानावळीचे व प्रवासाचे पैसे त्यांतून उसने द्यावे. ती आली कीं त्यानें ते परत करावे, म्हणजे दुसऱ्याची सोय होईल. देतांना चारचौघांत त्याचें नांव पुकारूं नये. लाजेनें कोणी मागावयासच आला नाहीं, तर निधि असून नसल्यासारखा. आणि वेचणीच्या दिवसांत ज्याची परीक्षा असेल, त्याच्या शेतांत शेजाऱ्यांनीं एक दिवस हात लावावा. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, त्यासही हें दान करतां येईल.

परमेश्वर आपल्या लेकरांस विद्या देवो, आणि ती घेण्यास लागणारी स्वस्थता त्यांस आपल्या हातून मिळो.