फळा बोलू लागला, मूल बोलतंय का?

आज मी वर्गातल्या तंत्रज्ञानाविषयी बोलणार आहे. मी शिक्षक नाही. बी.ए. झालो, सरकारी कचेरीत नोकरी केली आणि मराठीत कविता लिहीत राहिलो. कवितेच्या निमित्तानं मात्र शाळांमधून बरंच फिरणं होतं. मराठी भाषा गौरव दिन आला, वाचन प्रेरणा दिन आला की गुरुजी बोलावतात, मुलांपुढं कविता म्हणायला सांगतात. गेली काही वर्षं अशा फेऱ्यांत वर्गात एखादी नवी वस्तू दिसते. कुठं प्रोजेक्टर, कुठं बोट लावताच चालणारा फळा, कुठं टॅब. गावानं वर्गणी काढून आणलेली ती वस्तू गुरुजी अभिमानानं दाखवतात, आणि तो अभिमान रास्तच असतो. माझ्या मनात मात्र दर वेळी एकच प्रश्न येतो. ही वस्तू आल्यापासून इथली मुलं जास्त बोलायला लागली, की कमी?

हा प्रश्न मला पडतो त्याला कारण आहे. आमच्या घरात दखनी बोलली जाई आणि शाळा मराठी. दखनीचं पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एवढ्यावर भागतं. मराठीत नपुंसकलिंग नावाची तिसरी खोली आहे, आणि तिचा दरवाजा आम्हाला सापडत नसे. तिसरीत मी 'तो पुस्तक माझा आहे' म्हटलं की वर्ग हसायचा. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण एकदा हसं झालं की पुढच्या वेळी तोंड उघडताना मूल दहादा विचार करतं. मी वर्गात गप्प राहू लागलो. मराठी बोलायचो ती शेजारच्या काकांच्या ट्रान्झिस्टरशी. निवेदक जे म्हणे ते त्याच्या मागोमाग म्हणायचं. चुकलं तरी रेडिओ हसत नसे. यंत्राचा हा मोठा गुण आहे आणि तो मी अनुभवलेला आहे. पण माझं चुकतंय हे रेडिओला कळतही नसे. त्यासाठी चौथीत एक बाई भेटाव्या लागल्या. 'तो आंबा, ती चिंच, ते केळं' असं त्या अख्ख्या वर्गाकडून तालात म्हणवून घेत. सगळे मिळून म्हणताना कोण चुकलं ते बाईंना ऐकू येई, वर्गाला येत नसे.

वर्गात नवं यंत्र आलं की आता शाळा पार बदलून जाणार, असं भाकीत होतंच. 1913 साली थॉमस एडिसननं सांगितलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, मुलं चित्रपटातून शिकतील आणि दहा वर्षांत शाळेचं रूप पालटेल. दहा वर्षं गेली, शंभर गेली, पुस्तकं अजून दप्तरात आहेत. आपल्याकडे 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा' मोहीम आली, कारण साधा फळाही नसलेल्या शाळा तेव्हा होत्या. 20 सप्टेंबर 2004 रोजी खास शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. दूरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला शिक्षकाला उलट प्रश्न विचारता यावा, ही सोय त्यात होती आणि कल्पना उत्तम होती. तो उपग्रह 2010 मध्ये निवृत्त झाला. आकाशातली सोय वर्गातल्या मुलाच्या तोंडापर्यंत पोचायला जमिनीवर वीज लागते, दुरुस्ती करणारा माणूस लागतो आणि प्रश्नाची वाट पाहणारा शिक्षक लागतो.

या वाट पाहण्याविषयी मला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा या लहानशा देशात 1974 साली अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि तिथल्या शिक्षण खात्यानं मिळून रेडिओवरून गणित शिकवायला घेतलं, तेही पहिलीपासूनच्या मुलांना. रेडिओ एकतर्फी, बोलणारा मुलांना पाहू शकत नाही. मी आत्ता स्टुडिओत बसून तुम्हाला पाहू शकत नाही, तसंच ते. त्यांनी उपाय काय केला? रेडिओवरचं पात्र प्रश्न विचारी आणि गप्प बसे. चार आणि तीन किती? मग काही क्षण शांतता. तेवढ्यात वर्गातली सगळी मुलं मोठ्यानं उत्तर देत. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. कधी खडे मोजायला लावी, कधी वहीत आकडा लिहायला. रेडिओचा पाठ संपला की पुढचा सराव वर्गशिक्षक घेत. चाचण्या झाल्या तेव्हा रेडिओवर शिकलेली मुलं नेहमीच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा चांगलीच पुढं निघाली. 1980 च्या दशकात केनियात याच रीतीनं इंग्रजी शिकवलं गेलं.

या सगळ्यात यंत्र कोणतं होतं? साधा रेडिओ. तो शिकवू शकला, कारण कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी मुलाच्या उत्तरासाठी जागा मोकळी सोडली होती. आम्ही वृत्तात लिहितो तेव्हा ओळीत जिथं थांबायचं त्या जागेला यती म्हणतात. तिथं थांबलं नाही तर ऐकणाऱ्याला अर्थ पकडायला सवड मिळत नाही. पाठालाही यती लागते.

अलीकडेच एका शाळेत मी गेलो होतो. वर्गात भिंतभर डिजिटल फळा, खिडक्यांना पडदे. बाईंनी कवितेचा व्हिडिओ लावला. रंगीत चित्रं, गोड चाल. मुलं हाताची घडी घालून पाहत होती. तो संपला, दुसरा लागला, मग तिसरा. तास संपताना मी विचारलं, 'कवितेतला पक्षी कुठं निघाला होता?' वर्ग शांत. एक मुलगा म्हणाला, 'सर, परत लावू का?' त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. उत्तर आपल्यापाशी नसतं, यंत्रापाशी असतं, एवढं तो त्या तासात शिकला होता.

त्याच महिन्यात एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत गेलो. तिथल्या बाईंपाशी स्वतःचा मोबाईल, एवढंच तंत्रज्ञान. नेटला रेंज नाही. त्या रोज दोन मुलांना काहीतरी सांगायला लावत, ते मोबाईलवर टिपत आणि वर्गाला ऐकवत. तांड्यावरची एक मुलगी जूनपासून वर्गात बोललीच नव्हती. बाई म्हणाल्या, 'तुझ्या भाषेत सांग.' तिनं गोरमाटीत शेळी हरवल्याची गोष्ट सांगितली. मोबाईलमधून स्वतःचा आवाज आला तशी ती ओढणीत तोंड लपवून हसली. तांड्यावरच्या इतर मुलांनी गोष्टीचा एकेक तुकडा मराठीत करून सांगितला, बाईंनी तो खडूनं फळ्यावर लिहिला. आठवड्यानं तिनं तीच गोष्ट मराठीत सांगितली. मध्ये दोनदा अडली. तेव्हा स्वतःच म्हणाली, 'बाई, पुसा, परत सांगते.'

'पुसा, परत सांगते' म्हणण्याची मुभा, हा मला यंत्राचा खरा उपयोग वाटतो. चूक पुसता येते, कितीही वेळा करून पाहता येतं, कुणी हसत नाही. पण त्या मुलीला कोणत्या भाषेत सुरुवात करू द्यायची, हे बाईंनी ठरवलं.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. घरात फोन एक, तो बापाबरोबर कामावर जाई. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हाती, मग मुलीच्या. ज्या घरात फोनच नव्हता त्या घरातलं मूल हजेरीतूनही पुसलं गेलं. त्याच वर्षी पालघर जिल्ह्यात काही आदिवासी पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवणारी 'बोलकी शाळा' भरली. मुलं अंतर ठेवून उघड्यावर बसत, धडा ऐकत, स्वयंसेवकांना प्रश्न विचारत. त्याच 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात त्यांनी क्यूआर कोड आणला, म्हणजे कागदाच्या पानालाच आवाजाचा आणि चित्राचा दरवाजा केला. त्यात पुस्तक बाद झालं नाही, हे मला विशेष वाटतं.

आता मुलानं मोठ्यानं वाचलेलं ऐकून चुकलेला शब्द दाखवणारी ॲप आली आहेत. प्रश्न टाकताच निबंध लिहून देणारी यंत्रं आली आहेत. घाबरून त्यांना दारात अडवता येणार नाही. शब्द चुकला हे यंत्राला कळेल. मूल आज गप्प का आहे, हे शेजारी बसणाऱ्या माणसालाच कळेल. निबंध यंत्रानं लिहिला तर मुलाची बोलण्याची पाळी गेली, एवढा हिशोब पालकांनीही ठेवावा. युनेस्कोनं 2023 च्या आपल्या शिक्षणविषयक अहवालात विचारलं होतं, हे साधन कुणाच्या अटींवर वापरायचं? वर्गापुरतं माझं उत्तर आहे, सगळ्यात गप्प बसणाऱ्या मुलाच्या अटींवर.

म्हणजे करायचं काय? व्हिडिओ लावला तर मध्ये थांबवा आणि पुढं काय होईल ते विचारा. चार मुलांत एक टॅब असेल तर पाळी लावा, आणि पहिली पाळी रोज त्याच हुशार मुलाची नको. मुलांना नुसतं दाखवू नका, त्यांच्याकडून टिपून घ्या : आजीची म्हण, गावच्या ओढ्याचं नाव, घरातल्या बोलीतला शब्द. आणि पालकसभेत पडदा किती इंची हे विचारून झालं की आणखी दोन प्रश्न विचारा. शाळेचं वीजबिल भरलंय का? आणि या आठवड्यात माझं मूल वर्गात किती वेळा बोललं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुरुजींना देता आलं, तर त्या शाळेत फळा कोणताही असो, मुलाला तिथं बेशक पाठवावं.