शून्य-बावन्न-चौतीस आणि लोहाची कैफियत



हळदीच्या वा कापसाच्या फवारणीसाठी वसमतच्या दुकानातून आपण जी पांढरी भुकटी आणतो आणि जिला सर्रास ‘शून्य-बावन्न-चौतीस’ म्हणतो, ती रसायनशास्त्राच्या दप्तरी पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट म्हणून नोंदलेली असून, हेच द्रव्य केडीपी या नावाने प्रकाशविज्ञानाच्या प्रयोगशाळांत कित्येक दशके मानाचे स्थान भोगीत आले आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. डोळ्यांस न दिसणारा, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसरकिरण केडीपीच्या स्फटिकातून योग्य कोनाने जाऊ दिला, की त्याचा काही अंश ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा, होऊन बाहेर पडतो. ज्या स्फटिकाच्या अंतर्रचनेत सममितीचे केंद्र नसते, त्यालाच हे साधते.

असा स्फटिक वाढविण्याची सामग्री फार थोडी लागते. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले संपृक्त द्रावण गाळून घ्यावे, त्यात नायलॉनच्या दोऱ्याने एक निर्दोष बीजस्फटिक टांगावा, तोंडाला छिद्रे पाडलेला कागद बांधावा आणि पाण्याची वाफ सावकाश होऊ द्यावी. पूर्णा साखर कारखान्याच्या पॅनवर ज्यांनी काम केले आहे, त्यांस बीज घालण्याचा हा विधी परका वाटणार नाही. अडचण असते ती उष्णतामानाची: ते किंचित चढले तर बीजच विरघळू लागते, उतरले तर तळाशी नको असलेल्या कणांची गर्दी होते; आणि वैशाखात वीज गेली, तर आठवड्यांची मेहनत तासाभरात वाया जाते. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे याच क्षाराचे तीनशे किलोंहून अधिक वजनाचे स्फटिक सुमारे दोन महिन्यांत वाढविले गेले, त्यामागेही मुख्य तजवीज उष्णतामानाची आणि शुद्धतेचीच होती. कारण द्रावणात लोहाचा लेशही राहिला, तर त्याचे आयन स्फटिकाच्या बाजूच्या पृष्ठांवर चिकटून त्यांची वाढ रोखतात, आणि स्फटिक टोकाकडे निमुळता होत जातो. म्हणूनच खताच्या पिशवीतला माल पुनःपुन्हा स्फटिकीकरण करून शुद्ध केल्यावाचून कामास येत नाही.

परंतु येथे गुन्हेगार ठरलेले हेच लोह चुंबकीय नॅनोद्रव्यांच्या दालनात यजमान होऊन बसते. लोहाचे आणि कोबाल्टचे नायट्रेट सायट्रिक आम्लासह पाण्यात विरघळवून, अमोनियाने आम्लता घालवून, तापत्या तव्यावर आटविले असता प्रथम घट्ट जेल होते आणि मग ते आपसूक पेट घेऊन पोकळ, फुगीर राख मागे ठेवते. ती भाजली की फेराइट. (हे जळणे पाहण्यास विद्यार्थी वाकतातच, वाकू नये, तो तपकिरी धूर विषारी असतो.) क्ष-किरणांच्या आलेखातील शिखर जितके रुंद, तितका कण बारीक, हे शेरर या शास्त्रज्ञाने १९१८ साली सूत्र मांडून दाखविले, मात्र उपकरणाची आणि अंतर्गत ताणाची रुंदी वजा न करता त्या सूत्रातून निघालेला आकडा प्रबंधात मिरविणे मला मान्य नाही. कण पुरेसा लहान झाला, की केवळ उष्णतेनेच त्याचे चुंबकत्व दिशा पालटीत राहते; बाहेरील क्षेत्र काढून घेताच त्या भुकटीत चुंबकत्व शिल्लक उरत नाही.

स्फटिक आणि चुंबक यांची भेट पाहायची, तर शेजारच्या औंढा नागनाथकडे वळावे. २०२३ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या, तेथे व्हावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांत धावणार तो किरणही १०६४ नॅनोमीटरचाच. परतलेला प्रकाश लेसरात शिरून त्याची स्थिरता बिघडवू नये, म्हणून लायगोच्या रचनेत टर्बियम-गॅलियम गार्नेटचा स्फटिक प्रबळ चुंबकांच्या मध्ये बसविलेला असतो. जाताना प्रकाशाचे ध्रुवणप्रतल ४५ अंश वळते, आणि येताना ते पूर्ववत न होता त्याच दिशेस आणखी ४५ अंश वळल्याने, दाराशी उभा असलेला ध्रुवक त्यास आत येऊ देत नाही.