घरांचा पैसा कुठल्या वाटेने येतो?



बॅनरवर ‘एवढी घरे मंजूर’ वाचलं की वाटतं, दिल्लीचा पैसा मतदारसंघावार वाटला जातो. खासदार निधी तसा आहे खरा. वर्षाला ५ कोटी. मग ठाण्यासारखे सुमारे २५ लाख मतदार असोत की लक्षद्वीपसारखे ६० हजारांच्या आत!

घरांचं तसं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) मतदारसंघ हा निकषच नाही. पालिकेने किंवा म्हाडाने प्रस्ताव करायचा, राज्याने मंजूर करायचा, मग तो केंद्राच्या समितीपुढे जातो. भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरामागे केंद्राचे दीड लाख. लातुरात तेवढेच, ठाण्यातही तेवढेच. आता बाळकुमच्या जमिनीचा भाव तुम्हाला मी काय सांगू? म्हाडाची या योजनेतली घरं पाहा, कल्याण तालुक्यात शिरढोण-खोणीला. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी तिथून रोज यायचं कसं?

म्हणून मतं मागायला येणाऱ्यांना ‘निधी किती आणलात’ विचारू नका. ‘बाळकुम-कोलशेत पट्ट्यात कुठल्या जागेचा प्रस्ताव दिलात’ विचारा. आणि हो, नवरा-बायकोपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर असेल तर अर्ज चालत नाही. आपल्या वॉचमनना एवढं आजच सांगा, एजंटाला द्यायचे पैसे तरी वाचतील.