थंडी आणि क्लच
(गढा, जबलपूर येथे मोटारचालक व कारागीर यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



गढ्याची थंडी ही काही फार मोठी थंडी नव्हे. जानेवारीत पहाटे पारा साधारणतः ८ ते १० अंशांवर असतो. एखाद्या रात्री तो त्याहूनही खाली उतरतो आणि मदन महालाच्या खडकांवर ऊन पसरले की गारठा ओसरू लागतो. तथापि याच दिवसांत मोटारदुरुस्तीच्या आवारांत एक तक्रार वारंवार ऐकू येते: "क्लच गेला." गिअर पडत नाही, पेडल जड लागते, गाडी थरथरत सुटते, आणि या सर्व लक्षणांचे खापर एका प्लेटवर फोडले जाते. थंडीतील या अपराधांचे खरे धनी बहुधा तेल, पाणी आणि रबर हे तिघे असतात. प्लेट बदलण्यापूर्वी या तिघांची चौकशी करावी, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम क्लचचे कार्य थोडक्यात पाहू. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक फिरत असते. त्याच्यावर घर्षणाचे अस्तर लावलेली प्लेट स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली असते. ही प्लेट गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्यावर बसवलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा स्प्रिंगचा दाब निघतो, प्लेट मोकळी होते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. पेडल सोडले की तो पुन्हा जुळतो. पायाचा जोर प्लेटपर्यंत नेण्याचे काम काही गाड्यांत पोलादी तार करते, तर काहींत नळीतील द्रव करतो.

थंडीने धातू आकसतो, म्हणून तार आखडून क्लच बिघडतो, असे काही जण मानतात. हिशेब करून पाहा. एक मीटर लांबीच्या पोलादी तारेचे तापमान ४० अंशांनी उतरले, तरी ती जेमतेम अर्धा मिलिमीटर आखडते. तार जड चालते ती तिच्या आवरणातील जुने, मळलेले ग्रीस गोठल्यासारखे होते म्हणून, किंवा आत शिरलेल्या पाण्याने गंज धरला म्हणून.

आता तेलाकडे वळू. द्रवाच्या दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. तापमान उतरते तशी ती वाढते, आणि हळूहळू नव्हे, तर झपाट्याने वाढते. गिअरबॉक्सचे तेल दाट झाले की दोन गोष्टी घडतात. इंजिन सुरू करताना पेडल दाबलेले नसेल, तर स्टार्टरला इंजिनाबरोबरच त्या दाट तेलात बुडालेली गिअरची चाकेही फिरवावी लागतात. थंडीने बॅटरीची शक्तीही घटलेली असतेच. दुसरे असे की, गिअर बदलताना वेग जुळवून घेणाऱ्या पितळी कडीला तेलाचा पातळ थर कापून शंकूवर पकड घ्यावी लागते. तेल दाट असले की हा थर लवकर तुटत नाही, आणि गिअर अडतो. चालकाला वाटते, क्लच सुटत नाही. वस्तुतः क्लच पूर्णपणे सुटलेला असतो.

येथे मला एका जुन्या चुकीची कबुली दिली पाहिजे. उमेदवारीच्या काळात एका जानेवारीत एका मालवाहू गाडीच्या मालकाने नेमकी हीच तक्रार माझ्याकडे आणली. मी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली आणि त्याची तीन दिवसांची कमाई बुडवली. चौथ्या दिवशी सकाळी गिअर पुन्हा अडला. नंतर उलगडा झाला की, उन्हाळ्यात गिअरचा आवाज कमी व्हावा म्हणून कोणीतरी नव्वद क्रमांकाच्या तेलाऐवजी एकशेचाळीस क्रमांकाचे तेल भरले होते. मेच्या चाळीस-बेचाळीस अंशांत ते निभावले; जानेवारीच्या पहाटे ते काकवीसारखे झाले. तेल बदलताच दोष नाहीसा झाला. काढलेली प्लेट आणखी बराच काळ चालली असती. त्या मालकाची मान खाली घालून क्षमा मागावी लागली, आणि तेव्हापासून हत्यार उचलण्याआधी मी प्रश्न विचारू लागलो.

द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात बहुधा ब्रेकचेच तेल वापरतात. डॉट ३ वर्गाच्या तेलाची श्यानता उणे ४० अंशांवर १,५०० सेंटिस्टोक्सपर्यंत असण्यास मान्यता आहे. १०० अंशांवर हीच श्यानता १.५ इतकी कमी असली तरी चालते. म्हणजे हजारपट अंतर! शिवाय हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा मुरलेले तेल थंडीत अधिकच दाटते. असे तेल अरुंद नळीतून सावकाश परतते. पेडल पायाबरोबर वर येत नाही, प्लेट उशिरा पकडते, आणि चालक घाईने इंजिनाचा वेग वाढवून अस्तर झिजवतो. रबरी वॉशरही थंडीत कडक होतात. सकाळी गळणारा आणि दुपारी न गळणारा सिलिंडर हे त्याचेच लक्षण होय.

तिसरा अपराधी पाणी. निरभ्र रात्री लोखंड फार गार होते. फ्लायव्हील जड असल्यामुळे सकाळी हवा उबदार व दमट झाली तरी ते लवकर तापत नाही. त्यामुळे त्याच्यावर दव धरते. त्यातून गंजाचा पातळ थर येतो. गाडी रोज चालत असेल तर पहिल्या दोन-चार वेळा थोडी थरथर होऊन तो घासून निघतो. मात्र महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. म्हणूनच काही ट्रॅक्टरांत, दीर्घकाळ उभे ठेवताना पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवण्याची सोय असते. तापमान शून्याखाली गेले, तर गंजाची वाट पाहावी लागत नाही: ओढा ओलांडून किंवा गाडी धुऊन लगेच उभी केली, की आतले पाणी गोठून प्लेट रात्रीत जखडते.

ही बाब गढ्याला परकी वाटेल. पण जबलपूरला ती परकी नाही. १९५९ मध्ये येथील गन कॅरेज फॅक्टरीत शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी स्थापन झाली. २०२१ पासून ती आर्मर्ड व्हेइकल्स निगमचा भाग आहे. या शहरात जुळणी झालेल्या गाड्या पुढे लडाखसारख्या प्रदेशात जातात. तेथे हिवाळी रात्री तापमान शून्याखाली १५ अंश आणि त्याहूनही खाली उतरते. आपल्या आवारात ज्या चुकीने एका सकाळचा खोळंबा होतो, तीच चूक खिंडीत अनेकांचा जीव धोक्यात घालते. प्लेट गोठलेली असताना गिअरमध्ये टाकून इंजिन सुरू केले, तर पेडल दाबलेले असूनही ट्रक पुढे झेप घेतो.

मग पारख कशी करावी? इंजिन बंद ठेवून पेडल दाबा. ते तेव्हाही जड किंवा सुस्त असेल, तर दोष तारेत, सांध्यांत किंवा द्रवात शोधा. त्यानंतर इंजिन बंदच ठेवून गिअर टाकून पाहा. तेव्हाही अडत असेल आणि आठ-दहा किलोमीटर चालल्यावर सुधारत असेल, तर गिअरबॉक्सचे तेल तपासा. शेवटी इंजिन सुरू करून, पेडल पूर्ण दाबून, चार-पाच सेकंद थांबा व उलटा गिअर टाका. दाट तेल चाकांना एरवीपेक्षा लवकर थांबवते; तरीही कर्कश आवाज आला, तर प्लेट खरोखरच सुटत नाही असे समजावे. आता मात्र क्लचकडे वळण्यास हरकत नाही.

पथ्येही साधीच आहेत. तेल निर्मात्याने सांगितलेल्या क्रमांकाचेच घाला. ब्रेकचे तेल ठरल्या मुदतीत बदला. थंडीत गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक लावलेला आहे हे पाहून, पेडल दाबून इंजिन सुरू करा. प्लेट जखडली असेल तर झटके देऊ नका. इंजिन न्यूट्रलमध्ये मोकळ्या हवेत चालू ठेवून त्याची ऊब मागे पोहोचू द्या. पहिले काही किलोमीटर गिअर सावकाश टाका आणि अर्ध्या क्लचवर गाडी रेटू नका.

उद्या सकाळी एखादा चालक तुमच्या दाराशी येऊन "क्लच गेला" म्हणेल. त्याच्या हातावर रोजची कमाई असते. पान्याला हात घालण्यापूर्वी त्याला एकच विचारा: "दुपारी कसा चालतो?" निम्मे उत्तर तेथेच मिळेल.