हौद कोणाचा?



गणितावर व्याख्यान म्हटले की अर्धी सभा घरीच राहते, असा आमचा जुना अनुभव. आज जालन्यात तसे झाले नाही. त्याचे श्रेय आम्ही पावसाला देतो, कारण आजचा विषय खरा त्याचाच आहे.

आम्ही गणित शिकविणारी माणसे. हौदाला दोन तोट्या लावायच्या, एकीने भरायचा, दुसरीने रिकामा करायचा, हा आमचा पिढीजात धंदा. तो हौद कोणाचा, हे मुलांनी कधी विचारले नाही आणि आम्ही कधी सांगितले नाही. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा फळ्यावरचा आमचा हौद मात्र वेळेवर भरत होता!

हौद हवा असेल तर कडवंचीला जावे. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे पाणलोटाचे काम झाले, आणि आज द्राक्षबागांच्या शेजारी शेततळी दिसतात. एक तळे घ्या : वरून तीस मीटर लांब, तितकेच रुंद, तीन मीटर खोल. मूल चटकन 2,700 घनमीटर सांगते. पण काठ उतरते असतात. एकास एक उतार धरला तर तळ चोवीस मीटरांचा उरतो आणि पाणी भरते 2,196 घनमीटर. चूक 504 घनमीटरांची, म्हणजे दहा हजार लिटरांचे पन्नास टँकर. परीक्षेत या चुकीला दोन गुण जातात. शेतात बाग जाते. पुढे वैशाखात रोज आठ मिलिमीटर पाणी वाफ होते असे धरा. भरल्या तळ्यातून रोज 7,200 लिटर उडाले. ऊन वाढून आठाचे नऊ झाले, की आणखी 900.

हे ऊन वाढते आहे, आणि तेथे आमचे चक्रवाढ व्याज उपयोगी पडते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. दोन अंशांना चौदा नव्हे, साडेचौदाच्या आसपास. हे बाष्प एकदम कोसळते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी 2017 साली दाखविले.

म्हणून आमचे खरे भांडण सरासरीशी आहे. एका वर्षी सहाशे मिलिमीटर पाऊस पन्नास दिवसांत पडला, दुसऱ्या वर्षी तेवढाच वीस दिवसांत. वर्षाची बेरीज तीच; पण पहिल्या वर्षी कापूस घरात येतो, दुसऱ्या वर्षी दुबार पेरणी. आजोबा मृग कोरडा गेला, हस्त बरसला, असे नक्षत्रवार सांगत. त्यांना पावसाची वाटणी ठाऊक होती. शिकलेला नातू मात्र एका आकड्यावर समाधान मानतो. हा दोष नातवाचा नाही, आमच्या शिकविण्याचा आहे.

अभ्यासक्रमात वेळ नाही, असे शिक्षकबंधू म्हणतील. वेगळा तास कोण मागतो? तोटीच्या जागी तळे घ्या, सावकाराच्या जागी बाष्प घ्या. आणि येत्या मृगात शाळेच्या गच्चीवर सरळ काठाचे दोन डबे ठेवा, एक रुंद, एक अरुंद. दोन्हींत पाण्याची उंची सारखीच का भरली, हे पाचवीच्या मुलांना विचारा, आणि ती उत्तर शोधीत असता मध्ये बोलू नका.