वासाची साक्ष



डोळे गेलेल्या माणसाला आपण हात देतो, ऐकू न येणाऱ्याशी मोठ्याने बोलतो. नाक गेलेल्याची मात्र कोणी विचारपूसही करीत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत हे दुःख घरोघर आले. फोडणीतला हिंग कळेना, करपलेले दूध कळेना. त्या वर्षी पाषाणच्या ‘आयसर’ संस्थेतील निक्सन अब्राहम यांची प्रयोगशाळा आणि बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर यांनी मिळून रुग्णांची घ्राणशक्ती यंत्राने मोजली. दुसरे कोणतेही लक्षण नसलेल्यांतही बहुतेकांचे नाक मंदावलेले आढळले.

यंत्राने किती बिघडले ते सांगितले. पण बिघडले कोठे? त्यासाठी नाकाच्या आतच शिरले पाहिजे.

नाकाच्या पोकळीच्या छताशी एक पातळ अस्तर असते. त्यातील मज्जापेशींवर गंधाचे कण पकडणारी प्रथिने असतात. त्यांना गंधग्राही म्हणतात. त्यांच्या जनुकांचे कुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उजेडात आणले व २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके चालू आहेत, आणि सामान्यतः एका पेशीच्या वाट्याला एकच ग्राही येतो.

हे ग्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखता येत नाहीत. येथे प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, कामी येते. हा शब्द आपल्याला परका नाही. रक्तातील करोनाची प्रतिपिंडे हुडकणारी चाचणी याच शहरातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये तयार केली होती. प्रयोगशाळेत हव्या त्या प्रथिनाचा तुकडा प्राण्याला टोचतात, त्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढतात आणि त्यांच्या जोडीने चकाकणारा रंग वापरतात. अस्तराच्या पातळ कापावर ती सोडली, की जेथे ते प्रथिन असेल तेथे रंग दिसतो.

२०२० मध्येच अमेरिकेतील संशोधकांनी इतर पुराव्यांबरोबर ही युक्तीही वापरली. विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो, ते दार वास घेणाऱ्या मज्जापेशींवर न दिसता त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर दिसले. पुष्कळांचा वास परत का आला, याचा उलगडा त्यामुळे सोपा झाला. पीक उभे होते. बांध ढासळला होता.

पण प्रतिपिंड हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार चुकतोही. चारशे भावंडे चेहऱ्यामोहऱ्याने सारखी. एकाला ओळखायला पाठविलेले प्रतिपिंड दुसऱ्यालाच मिठी मारते. म्हणून त्याची उलटतपासणी करावी लागते. काचपात्रातील काही पेशींना त्या ग्राहीचे जनुक द्यायचे, काहींना द्यायचे नाही. पहिल्यांत रंग दिसला पाहिजे आणि दुसऱ्यांत मुळीच दिसता कामा नये. हेही सोपे नाही, कारण परक्या पेशीत हे ग्राही पुष्कळदा पृष्ठभागावर येतच नाहीत. मानवी गंधग्राहीची पहिली तपशीलवार रचना २०२३ साली प्रसिद्ध झाली, यावरून हे काम किती चिवट आहे ते दिसेल. ‘ओआर५१ई२’ नावाचा तो ग्राही पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीतही, म्हणजे प्रोस्टेटमध्येही, सापडतो. नाकाबाहेरच्या अशा ग्राहींवर उद्या औषधे शोधायची, तर खोट्या साक्षीवर उभारलेला निष्कर्ष रुग्णाच्या जिवावर बेतेल.

तेव्हा रंगीत चित्र दाखवून कोणी सांगू लागले, की अमुक ग्राही अमुक जागी सापडला, तर आपण नम्रपणे एकच विचारावे: जेथे तो नाही, तेथे आपले प्रतिपिंड गप्प राहिले का? ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’वर न्यायालय विसंबत नाही, विज्ञानानेही विसंबू नये. आणि ज्यांचा वास अजून परतलेला नाही, त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांकडे जावे. गॅसची गळती आणि नासलेले अन्न यांची पहिली वर्दी नाकच देते.